अर्ध्या राज्याचा फेरफार

गोष्टीतला घोडा लीद टाकत नाही. तो पांढराशुभ्र असतो, वाऱ्याशी पैज लावतो, सात डोंगर आणि सात समुद्र ओलांडतो आणि राजकन्येच्या महालाखाली येऊन एकदाच खिंकाळतो. मधल्या वाटेत त्याने काय खाल्लं, नाल कुठे बदलला, रात्री त्याला कुणी बांधलं, यावर गोष्ट चकार शब्द काढत नाही. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र हे असं खपत नसे. आजी गोष्ट सांगायची आम्हा पोरांना, पण ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर पडलेला तिचा धाकटा दीर झोपेचं सोंग घेऊन ऐकत असायचा. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. राजपुत्र दुसऱ्या डोंगराला भिडला की बाजेवरून आवाज यायचा, "वैनी, त्यो घोड्याला पाणी कुठं पाजला?"

"गोष्ट हाय ती, भावजी. गप पडा."

"गोष्ट हाय म्हनून घोडं उपाशी मारता काय?"

मग आजीचा नाइलाज व्हायचा. राजपुत्राला वाटेत एक ओढा लागायचा, ओढ्याकाठी एक म्हातारी लागायची, म्हातारीकडे कडब्याची गंज असायची. तेवढ्याने तात्याचं समाधान होत नसे. कडबा इकत का उसना, हे त्याला कळायला हवं असायचं. आणि गोष्ट संपताना, राजाने राजपुत्राला मुलगी आणि अर्धं राज्य दिलं, असं आजी एका दमात म्हणून टाकायची तेव्हा तात्या उठून बसायचा. "अर्धं म्हंजी कोनतं अर्धं? हिरीकडलं का माळाकडलं?"

आम्ही हसायचो. आजी चंची उघडायची. तात्या मात्र हसत नसे. त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

विडंबन करणारा माणूस गोष्टीला तुच्छ लेखतो, असं समजलं जातं. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण तात्या आहे. त्या ओसरीवर गोष्टीत सगळ्यांत जास्त गुंतलेला माणूस तोच होता. आम्हाला राजकन्या सुटली की झालं. आजीला आम्ही झोपलो की झालं. घोड्याची काळजी फक्त त्याला होती. आमचा धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे वाईट सालात माणसं आपल्या जनावरांसकट चारा छावणीत जाऊन राहिली आहेत. शाळूच्या दाण्याइतकाच कडब्याचा विचार करून पेरणारी ही माणसं. त्यांना सात डोंगर ओलांडणारा उपाशी घोडा दाखवायचा म्हणजे त्यांच्या अकलेचा अपमान आहे, आणि घोड्याचाही.

तसं पाहिलं तर आपला घोडेस्वार कथेत शिरतो तोच हिशेबाची वही काखेत मारून. मराठी फौजेत घोडेस्वार दोन जातींचे. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार. म्हणजे शौर्याच्या आधी प्रश्न आला तो घोडा कुणाचा हा. घोडा मेला तर नुकसान कुणाचं, हा त्याच्या पाठोपाठ. शिलेदाराने एखाद्या मोहिमेत घोडा मागेच ठेवला तर त्याला भित्रा म्हणण्याआधी घोड्याची किंमत विचारावी.

तिकडे स्पेनमध्ये १६०५ साली सर्व्हान्टिस या लेखकाने ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग छापला. सरदारांच्या शौर्यकथा वाचून वाचून डोकं फिरलेला एक गरीब जमीनदार गंजलेलं चिलखत चढवून जग सुधारायला निघतो. वाटेत एका सराईला तो किल्ला समजतो आणि सराईवाल्याला किल्लेदार. सराईवाला त्याला पहिला प्रश्न विचारतो तो पैशांचा. जवळ काही आहे का? किहोटे म्हणतो, छे, कुठल्याही वीराने पैसे जवळ बाळगल्याचं मी वाचलेलं नाही. त्यावर सराईवाला शांतपणे सांगतो, की पैसे आणि धुतलेले सदरे ही इतकी उघड गरज आहे की लेखकांनी ती लिहायची तसदी घेतली नसेल. वीर लोक ते घेऊनच निघत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून हसत बसलो. आमच्या बाजेवरचाच आवाज होता तो. वीरकथेला धक्का लावायला तलवार लागत नाही. सराईचं बिल पुरतं.

त्यानंतर आठच वर्षांनी, १६१३ साली, आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल झाला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा काळ. बोरी नदीवर बांध घालून नळदुर्ग आणि समोरचं रणमंडळ एकमेकांना जोडलं, आणि त्या बांधाच्या पोटात महाल बांधला. पावसाळ्यात बांध भरून वाहायला लागला की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आत सज्जात बसलेला माणूस पाण्याच्या पडद्यामागे कोरडा राहतो. राजकन्येला कोंडून ठेवायला याहून देखणी जागा सापडणार नाही. उन्हाळ्यात गेलात तर पडदा नसतो, धबधब्याच्या जागी नुसती भिंत दिसते, आणि राजकन्येला कोंडलंय असं कुणालाही पटणार नाही. ती सावलीला बसलीय असंच वाटेल.

लोकपरंपरा सांगते की हा किल्ला नळराजाचा. इतिहास त्यावर काय म्हणायचं ते म्हणो, मला हे नाव फार शोभतं असं वाटतं, कारण नळ-दमयंतीइतकी स्वतःच्या नायकाची फजिती करणारी दुसरी राजकथा मला ठाऊक नाही. सुरुवात पाहा. राजा बागेत सोन्याचा हंस पकडतो. परीकथेतला असा पक्षी तीन वर देईल, खजिना दाखवील. हा हंस काय बोलतो? घरी म्हातारी आई आहे, बायको नुकती बाळंत झालीय, मिळवता मी एकटाच आहे. श्रीहर्षाच्या संस्कृत काव्यात तो असं रडतो आणि आपल्या रघुनाथ पंडितांनी ते मराठीत आणलं तेव्हाही तो असंच रडतो. सोन्याची पिसं अंगावर आणि तोंडात संसाराचं रडगाणं. राजाला त्याला सोडून द्यावंच लागतं.

पुढे स्वयंवर. महाभारतातल्या वनपर्वात ही कथा आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचंच रूप घेऊन बसतात. एकासारखे एक पाच नळ. आता नायिकेने मूर्च्छित व्हायचं किंवा आकाशवाणीची वाट पाहायची. दमयंती तसलं काही करत नाही. देवांनी खुणा दाखवाव्यात अशी ती प्रार्थना करते आणि मग नीट बघते. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ सुकत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचवा घामाघूम झालाय, अंगावर धूळ आहे, माळ कोमेजलीय. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. ज्याची सावली पडते तो नवरा. आमच्याकडच्या कुठल्याही शहाण्या मुलीने हेच केलं असतं, म्हणा. घाम न येणाऱ्या माणसाच्या हाती वावर कोण देईल?

आणि एवढ्यावर भागत नाही. नळ द्यूतात राज्य हरतो. पक्षी धरायला अंगावरचं वस्त्र टाकतो तर पक्षी ते वस्त्र घेऊन उडतात. बायकोला रानात झोपलेली सोडून तो निघून जातो. मग ठेंगणा, कुरूप ‘बाहुक’ बनून अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे घोडे हाकायची नोकरी धरतो. दमयंती त्याला शोधायला खोट्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप धाडते, आणि आपला नायक आपल्याच बायकोच्या स्वयंवराला दुसऱ्या उमेदवाराला घेऊन भरधाव रथ हाकत येतो! तिकडे ती त्याची ओळख पटवते ती कशावरून? त्याने रांधलेलं मांस दासीकरवी मागवून चाखते, आणि चवीवरून ओळखते. अंगठी नाही, तलवार नाही, कपाळावरची खूण नाही. नवऱ्याच्या हातची चव. आजही उत्तम स्वयंपाकाला नलपाक म्हणतात, नलशौर्य असा शब्द कुणी काढलेला मला माहीत नाही.

म्हणून मला वाटतं, तात्याचा प्रश्न आपल्या गोष्टींना बाहेरून चिकटलेला नाही. तो आधीपासून आत होता. गंभीर, धीरोदात्त, घोड्याला तहान न लागणारी गोष्ट हीच इथे बाहेरून आली. आणि गंमत अशी की ती लिहिणारा साहेब याच किल्ल्यात राहत होता.

कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. १८५३ साली निजामाने नळदुर्ग आणि धाराशिवचा मुलूख कंपनीकडे सोपवला, तेव्हा टेलर इथला अधिकारी होऊन आला आणि १८५७ पर्यंत नळदुर्गला राहिला. ठगांवरच्या कादंबरीने तो आधीच गाजला होता. पुढे १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ नावाची तीन खंडी कादंबरी प्रसिद्ध केली. नायिका तारा, तुळजापूरच्या शास्त्र्याची विधवा मुलगी, देवीची मुरळी झालेली. नायक फाजल, अफझलखानाचा मुलगा. ती सती जायला निघते आणि तो ऐन वेळी येऊन तिला चितेवरून सोडवतो. टेलरला हा मुलूख ठाऊक होता आणि त्याला इथल्या माणसांबद्दल माया होती, हे कादंबरीत दिसतं. पण हसायला कुणाला फुरसत नाही. दिवसभर सारा, वहिवाट आणि रयतेच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाने रात्री लिहिण्यासाठी हेच कथानक मनात साठवलं असेल, याचं मला नवल वाटतं आणि वाटतही नाही. दिवसभर सातबारे पाहिलेल्या माणसाला संध्याकाळी शुद्ध घोडदौडच लागत असणार.

आपल्याकडे तमाशात हिशेब आणि घोडदौड या दोन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच मंचावर व्हायच्या. गण होतो, गौळण होते, बतावणी होते आणि मग वग लागतो. राजा येतो. त्याचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे सगळ्यांना दिसतंय आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तो प्रधानाला राज्याची खबर विचारतो आणि तिथून त्याच्या राजेपणाची उतरंड सुरू होते. मंचाला एक फेरी मारली की पल्याडचं राज्य आलं. फेरी मारताना सोंगाड्या कंबर धरून बसतो, लई लांब हाय म्हणतो. घोडा नाहीच, मग पाणी कुणाला पाजायचं? पण सोंगाड्या ते विचारतोच.

वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आलं. आधी त्याचं नाव ‘छपरी पलंगाचा वग’ होतं. ही गोष्ट नीट पाहिली तर ती शुद्ध परीकथा आहे: सुंदरीने अट घालायची आणि वीराने ती पुरी करायला प्राण पणाला लावायचे. फक्त अट काय, तर राजाचा छपरी पलंग चोरून आणायचा. परीकथेतली सुंदरी चंद्रफूल मागते, सात समुद्रांपलीकडचा मोती मागते. इथली सुंदरी मैनावती झोपायची सोय मागते. दादा कोंडक्यांच्या हवालदाराच्या डावात सापडलेला कोतवाल त्या पलंगापायी कोतवालकी पणाला लावतो आणि राजाचा राजवाडा, त्याचा दरारा, त्याचा न्याय, सगळं एका लाकडी सामानाभोवती फिरायला लागतं. मोती चोरीला गेला तर राज्याची अब्रू जाते. पलंग चोरीला गेला तर राजाला खाली सतरंजी टाकावी लागते. दुसरं जास्त विनोदी आहे आणि मला वाटतं जास्त खरंही.

‘गाढवाचं लग्न’ हा वग त्याहून पुढे जातो. लिहिला हरिभाऊ वडगावकरांनी, आणि सावळ्या कुंभाराचं काम दादू इंदुरीकरांनी गाजवलं. त्याचं मूळ थेट राजकथेतलं आहे. विक्रमादित्याच्या जन्माच्या एका आख्यायिकेत त्याचा बाप गंधर्वसेन इंद्राच्या शापाने गाढव होतो आणि राजाच्या मुलीला मागणी घालतो. राजा एका रात्रीत नगराभोवती धातूचा तट बांधायची अट घालतो. गाढव ती पुरी करतं. मूळ आख्यायिकेत हे सगळं गंभीरपणे घडतं, कारण तिथे सगळं लक्ष देव, गंधर्व आणि राजे यांच्यावर आहे. वगाने गाढवाच्या मालकाला पुढे आणलं. गाढव आहे तर त्याला मालक हवा, आणि गाढव कुणाकडे असतं? कुंभाराकडे. बस. गाढवाच्या जोडीला सावळ्या आला, सावळ्याच्या जोडीला गंगी आली, आणि शापित गंधर्वाची दिव्य कथा एका गरीब घराच्या उंबऱ्यात अडकली. आता प्रश्न शापाचा नाही, प्रश्न असा की गाढवाचं लग्न झाल्यावर माती कोण वाहणार? आणि व्याही म्हणून राजासमोर बसायचं तर जाजमाच्या कुठल्या टोकाला?

कुंभार हा योगायोग नसावा असं मला आपलं वाटतं, आणि त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. आमच्याच जिल्ह्यात तेरणेकाठी तेर आहे, आणि तेर हे कुंभार संत गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी त्यांच्याकडे जमलेली असताना मुक्ताबाईंनी त्यांना थापटण्याबद्दल विचारलं, ही कथा इथे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. मडकं कच्चं की पक्कं ते थापटून कळतं, असं काका म्हणाले, आणि मग तेच थापटणं घेऊन बसलेल्या एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव रागावले. निकाल: एवढं मडकं कच्चं. वगातला सोंगाड्या राजाच्या मुकुटावर हेच थापटणं वाजवतो. फोडायला नव्हे. आवाज कसा येतो ते ऐकायला. जो राजा रागावतो त्याचं काय समजायचं ते प्रेक्षक समजतात.

गेल्या पावसाळ्यात पुण्याची नातवंडं घेऊन नळदुर्गला गेलो होतो. पाऊस होता, पण बांधावरून पाणी पडेल इतका नव्हता. धबधबा बघायला आलेली पोरं भिंत बघून हिरमुसली, तेव्हा पाणीमहालाच्या सज्जात बसून गोष्ट सांगणं भाग पडलं.

आटपाट नगर होतं, म्हणालो. राजाची एकुलती एक मुलगी याच महालात होती. राक्षसाने पळवली, असं राजाचं म्हणणं. तिचं म्हणणं, मे महिन्यात गारवा इथेच होता म्हणून ती आपल्या पायांनी आली. राक्षस इथला जुना भाडेकरू, त्याला कोण हलवणार? राजाने दवंडी पिटली. राक्षसाला मारील त्याला राजकन्या आणि अर्धं राज्य.

"तिला विचारलं का पण?" धाकटी म्हणाली. विचारलं नव्हतं, हे राजाच्या पुढे अंगाशी आलं.

सोलापूरच्या रस्त्याने राजपुत्र आला. पांढरा घोडा. नाक्यावर त्याने पाणी विचारलं तर टँकर मंगळवारी, असं कळलं. एका शहाण्याने सल्ला दिला, घोडा विका आणि उस्मानाबादी शेळ्या घ्या. काळ्या रंगावर मळ दिसत नाही, मिळेल त्या पाल्यावर राहतात आणि एका वेताला दोन-दोन करडं देतात. राजपुत्राने मान ताठ केली. कादंबरीतला होता तो. तसाच तहानलेला घोडा घेऊन महालात शिरला.

राक्षस वर्तमानपत्र वाचत होता. तलवार पाहून म्हणाला, बसा. माझा जीव पोपटात असायचा हे तुम्हाला ठाऊक असेलच. दर गोष्टीत कुणीतरी यायचं आणि पोपटाची मान मुरगाळायचं. कंटाळलो. शेवटी जीव पोपटातून काढला आणि एका पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकला, तेरा टक्क्यांनी. पतसंस्था बुडाली. आता माझा जीव मलाच मिळत नाही, तुम्हाला कुठून मिळणार? मी मरूच शकत नाही.

पोरं हसली नाहीत, पण त्यांची आई हसली. तिच्या माहेरची ठेव अडकलेली आहे.

मृगाचा पाऊस पडला, बाहेर गारवा झाला, आणि राजकन्या स्वतःच उठून घरी गेली. राजपुत्र तिच्या मागोमाग. दरबारात त्याने अर्धं राज्य मागितलं. राजा म्हणाला, अट राक्षसाला मारायची होती, मृत्यूचा दाखला आणा. राजपुत्र ग्रामपंचायतीत गेला तर राक्षस तिथे रहिवासी दाखल्याच्या रांगेत उभा. तरी राजा दिलदार होता, शब्दाला जागायचं म्हणाला, आणि फेरफाराचा अर्ज गेला. मग कळलं, राज्य राजाच्या एकट्याच्या नावावर नाहीच. आजोबांच्या नावावर. वारस लागलेले नाहीत. राजाच्या तीन बहिणी, त्यातल्या दोघींनी हक्कसोड दिलेली नाही, आणि का द्यावी? मोजणी आली तेव्हा शेजारच्या राजाने बांध कोरल्याचं निघालं. विहीर सामाईक. अर्धं म्हणजे उत्तर अर्धं की दक्षिण, याचा दवंडीत उल्लेख नाही, आणि दवंडी पिटणारा आता ऐकू येत नाही म्हणतो.

"आणि लग्न?" थोरला म्हणाला.

लग्नाची बोलणी वेगळी झाली, त्यात राजाला कुणी बोलावलं नाही. राजकन्येने एवढंच विचारलं, स्वयंपाक काय काय येतो? राजपुत्राला पिठलं येत होतं. तिने चाखून पाहिलं, मीठ कमी आहे म्हणाली, आणि त्याला सहा महिन्यांची मुदत दिली. घोडा विकून दोघांनी शेळ्या घेतल्या आहेत. दावा कोर्टात आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची, आणि राक्षस राजपुत्राच्या बाजूने साक्षीला येतो म्हणालाय, येण्याजाण्याचं भाडं मिळालं तर.